अपूर्ण स्थापना

१

कुणाच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो, की स्क्रू काढण्याआधी मी खोलीतल्या वस्तूंची यादी करतो. नुसत्या मशीनच्या नाही, टेबलावरच्या, भिंतीवरच्या, सगळ्या. खाली घरच्या माणसाची सही घेतो आणि मगच कामाला हात लावतो. लोक हसतात. पण गारखेड्यातल्या एका गृहस्थांनी एकदा माझ्यावर चष्मा चोरल्याचा आळ घेतला होता आणि दोन दिवसांनी तो चष्मा त्यांच्याच फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात निघाला. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पितो.

त्या गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास मी सबनीस बाईंच्या घरी यादी करत बसलो होतो. मे महिना, २०१६ साल. सबनीस बाईंनी मला सातवीत मराठी शिकवलं. माझं शुद्धलेखन त्यांच्यामुळे सुधारलं आणि उजव्या कानाची पाळी त्यांच्यामुळेच थोडी लांब झाली, असं माझी अम्मी म्हणायची. आता त्या निवृत्त होऊन चिकलठाण्याला, कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत राहत होत्या. घरात त्या आणि त्यांची एकुलती एक मुलगी मनस्विनी, दोघीच. मनस्विनी सव्वीस वर्षांची. घरबसल्या मराठी टायपिंगची कामं करायची. लग्नपत्रिका, स्मरणिका, कुणाचा प्रबंध, असं काहीबाही.

तिच्या मशीनची हार्ड डिस्क गेली होती. मशीन आधी माझ्या घरी नेऊन मी नवी टाकली होती, विंडोज टाकलं होतं, आज फक्त तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं राहिलं होतं. ते इतकं जुनं, की नव्या मशीनवर चालतच नव्हतं. त्याला काडेपेटीएवढं एक कुलूप होतं, ते मशीनच्या मागे प्रिंटरच्या भोकात लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचा नाही. तसलं भोक नव्या मशीनला असतं कुठे? म्हणून हा बारा वर्षांचा ठोकळा जिवंत ठेवणं भाग होतं.

मी लिहीत होतो. मॉनिटर एक. सीपीयू एक. यूपीएस एक. प्रिंटर एक. स्पीकर दोन. खिडकीत कूलर एक. फिरती खुर्ची एक, उशीसह. प्लास्टिकची खुर्ची एक.

"याह्या, पंचनामा करतोयस का रे?" बाई दारातून म्हणाल्या. "कुणाचा खून झालाय आमच्याकडे?"

मनस्विनीनं हसत खाली सही ठोकली. "माझ्या खुर्चीवर बसा, याह्याभाई. तिची उंची बरोबर आहे. आणि चारच्या आत आटपा हं, आज पाणी आहे."

चारचं महत्त्व सांगायला हवं. त्या वर्षी शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते नळाला मोटार लावून ओढून घ्यायचे आणि शेवटच्या गल्लीत थेंब पोचायचा नाही. त्यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा कॉलनीनं एक तोड काढली. पाणी सुटलं की डीपीवरचा, म्हणजे कॉलनीच्या विजेच्या पेटीतला, फ्यूजच काढून ठेवायचा. लाइट नाही, तर मोटार नाही. पाणी जाईपर्यंत तासभर सगळी कॉलनी विजेविना, पण प्रत्येकाचा हंडा भरायचा. हे काम कडुबा नावाच्या निवृत्त वायरमनकडे होतं आणि तो पंतप्रधान आले तरी फ्यूज लावायचा नाही, अशी त्याची ख्याती होती.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो.

२

सीडी घातली. पडद्यावर निळी चौकट आली. सॉफ्टवेअर मराठी असल्यामुळे सूचनाही मराठीत होत्या. "स्थापना सुरू करत आहे."

"स्थापना गणपतीची करतात," बाई म्हणाल्या. "ह्याला निदान दूर्वा तरी वाहा."

पट्टी सदतीस टक्क्यांपर्यंत सरकली आणि थांबली. "त्रुटी आढळली." जुन्या सीडीवर ओरखडे असतात, त्यात नवल नव्हतं. मी "रद्द करा" दाबलं. पट्टी उजवीकडून डावीकडे रिकामी होऊ लागली आणि वर अक्षरं आली, "बदल मागे घेत आहे." अर्धवट टाकलेल्या फायली सेटअप स्वतःच पुसून टाकतो, तसंच हे. मी सीडी काढून शर्टाला पुसली.

पुन्हा घालताना टेबलावर नजर गेली. स्पीकर एकच होता.

खाली पाहिलं, मागे पाहिलं. वायर ओढून पाहिली. ती एकाच स्पीकरची होती आणि दुसऱ्यासाठी जे भोक असतं ते धुळीनं बुजलं होतं. टेबलावर दुसऱ्या स्पीकरच्या जागी मोकळा चौकोन दिसायला हवा होता, तर तिथेही बाकीच्या टेबलासारखीच धूळ होती.

"मनस्विनी, दुसरा स्पीकर हलवलास का?"

"दुसरा? एकच आहे की पहिल्यापासून."

मी तिला कागद दाखवला. स्पीकर दोन, खाली तिची सही.

"तुम्ही चुकून दोन लिहिलंत आणि मी न वाचता सही केली," ती म्हणाली. "वाचून कोण सही करतं, याह्याभाई?"

मला तिचं म्हणणं पटलं. हातानं आपसूक दोन लिहिलं असेल, स्पीकर नेहमी जोडीनंच असतात. मी खोडून एक केलं. खोडताना मनाला बरं वाटलं नाही, एवढं मात्र आठवतं.

३

मी हट्टी माणूस आहे. एखादं मशीन नाही म्हणालं की मला चेव येतो. बायको म्हणते, एवढा हट्ट अभ्यासात धरला असता तर आज वाळूजच्या कारखान्यात मॅनेजर असता. मी बाईंकडून टूथपेस्ट मागून घेतली आणि बोटानं सीडीच्या ओरखड्यांवर चोळली. हा आमच्या धंद्यातला जुना इलाज आहे. मग ओल्या फडक्यानं पुसून सगळी सीडी आधी डिस्कवर उतरवून घेतली, म्हणजे ओरखड्यांचा प्रश्नच मिटला. अँटिव्हायरस बंद केला. कुलूप काढून पुन्हा घट्ट बसवलं.

पुन्हा सुरू केलं. सदतीस पार झालं. एकसष्टला अडकलं.

पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली. शेवटी "रद्द करा." पट्टी मागे मागे रिकामी होत गेली आणि शेवटच्या चौकोनाबरोबर खोलीतला आवाज बंद झाला.

आवाज बंद झाल्यावरच कळलं की आवाज होता. कूलरची घरघर. मी खिडकीकडे पाहिलं. कूलर नव्हता. खिडकीला चारही गज होते आणि गजांवर जुना, टवके गेलेला रंग होता. कूलर बसवायला खालचे गज कापावे लागतात, हे कुणालाही ठाऊक आहे. हे गज कधी कापलेलेच नव्हते.

"बाई, कूलर कुठे गेला?"

"प्यायला पाणी नाही आणि कूलर कोण लावतं रे?" त्या म्हणाल्या. "टोपी न घालता आलास वाटतं उन्हात."

खरंच होतं ते. दुष्काळात कूलर कोण लावील? मी स्वतःलाच समजावलं, की सकाळपासून तीन घरं फिरलोय, कुठल्यातरी दुसऱ्या घरचा कूलर डोक्यात राहिला असेल. मग मी मागे टेकलो आणि पाठीला शर्ट गार लागला. खिडकी माझ्या पाठीशी होती. कूलरचे तुषार उडून शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत ओला झाला होता, आणि त्याला वाळ्याचा वास येत होता.

मला भीती वाटली. सरळच सांगतो. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट येते, पुन्हा करून पाहायची. मी तेच केलं.

४

सीपीयू उघडला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. पंखा साफ केला. मनस्विनी म्हणाली, "तुम्ही फार घामाघूम झालात. आल्याचा चहा टाकते," आणि आत गेली. बाई बाहेरच्या खोलीत हंडे, बादल्या, पिंप असं सगळं दाराशी ओळीनं मांडत होत्या. घड्याळात तीनला पाच कमी.

तिसऱ्यांदा सुरू केलं. सत्तर. ऐंशी. आत स्वयंपाकघरात लायटरचा खटका ऐकू आला, मग खलबत्त्यात आलं ठेचण्याचा आवाज. अठ्ठ्याऐंशीला पट्टी थांबली. माऊस हलेना. कीबोर्ड ऐकेना. सगळं मशीन गोठलं.

या वेळी "रद्द करा" दाबायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून मी रीसेटचं बटण दाबलं. आपण फार हुशारी केली असं त्या क्षणी वाटलं होतं.

मशीन पुन्हा सुरू झालं. विंडोज येण्याच्या आतच, काळ्या पडद्यावर, पांढरी अक्षरं उमटली. "अपूर्ण स्थापना आढळली. मागे घेत आहे."

आत खलबत्ता वाजत होता. ठक. ठक. ठक.

चौथा ठोका आला नाही.

मी बसून राहिलो. आलं ठेचणारं माणूस तीन ठोक्यांनंतरही थांबू शकतं. चहात टाकायला कितीसं आलं लागतं? मी शंभरापर्यंत आकडे मोजले. मग उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंद होता. शेगडीवर भांडं नव्हतं. खलबत्ता वरच्या फळीवर उपडा होता आणि त्याच्या बुडावर कोळ्याचं जाळं होतं.

"बाई," मी बाहेरच्या खोलीत येऊन म्हणालो, "मनस्विनी कुठे गेली?"

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. "कोण मनस्विनी?"

"तुमची मुलगी."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "याह्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. असली थट्टा तू करणार नाहीस. तुला ऊन लागलंय. बस, मी गुळाचा खडा देते."

मी खोलीत येऊन कागद पाहिला. माझ्या अक्षरातली यादी होती, आणि खाली सही, मनस्विनी सबनीस, शेवटच्या अक्षराखाली तिची ती लांब रेघ.

५

मी रडलो नाही की पळालो नाही. पळून जावंसं वाटलं, पण पळालो असतो तर तिला आठवणारं कुणी उरलं नसतं. मलाच का आठवत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी विचार केला तो धंद्यातला. मागे घेताना वस्तू जातात. मग पुढे जाताना यायला हव्यात. आता रद्द करायचं नाही, रीसेट करायचं नाही, मशीन बंद पडू द्यायचं नाही. स्थापना पूर्ण करायची, काय वाटेल ते झालं तरी. सेटअप चालू केला. त्यानं विचारलं, "पूर्वीची स्थापना पुढे चालू ठेवायची?" मी "होय" दाबलं. आधीच्या तिन्ही वेळा मी नव्यानं सुरुवात केली होती, तेव्हा हा प्रश्न आलाच नव्हता.

वीस टक्के. तीस. सदतीस पार होताना टेबलावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. मी पाहिलं. स्पीकर दोन होते.

एकसष्टला पाठीमागे घरघर सुरू झाली आणि मानेवर गार वारा आला. मी मागे वळलो नाही. हसू आणि हुंदका एकदमच आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर अख्खा ओंडका सापडला होता.

अठ्ठ्याऐंशीला आत खलबत्ता वाजला. ठक. ठक. ठक.

मग शांतता. मग पुन्हा ठक, ठक, ठक. आणि पुन्हा शांतता.

पट्टी चौऱ्याण्णववर थांबली होती. चौकट आली. "पुढील फाइल अन्यत्र वापरात असल्यामुळे लिहिता आली नाही." खाली अर्थहीन अक्षरं आणि आकडे. त्याखाली दोन बटणं, "पुन्हा प्रयत्न करा" आणि "रद्द करा." मी पुन्हा प्रयत्न केला. तीच चौकट. पुन्हा. तीच.

स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर खलबत्ता होता, आत ओलं आलं होतं, बत्ता आडवा पडला होता. जवळ कुणी नव्हतं. मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागे तीन ठोके पडले.

घड्याळात पावणेचार झाले होते. यूपीएस मीच चार वर्षांपूर्वी विकलेला, त्याची बॅटरी आता सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हती.

६

डीपी कोपऱ्यावर होता. कडुबा त्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता, हातात रबरी मोजे.

"कडुबामामा, आज फ्यूज काढू नका. अर्धा तास उशिरा काढा. पाया पडतो तुमच्या."

"नाय जमायचं." त्यानं मोजे झटकले. "पाच दिसांनी पानी येतंय, याह्याभाऊ. शेवटच्या गल्लीत बाळंतीण हाय. मोटारी चालू झाल्या का तिच्या नळाला वारं बी यायचं नाय."

"मनस्विनीचं काम अडलंय, मामा."

"कोन मनस्विनी?"

"सबनीस बाईंची मुलगी."

तो नाहीच म्हणायला निघाला होता. मग थांबला. कपाळाला आठी घालून माझ्यामागे, बाईंच्या घराकडे बघत राहिला. "बाईंना पोरगी हाय का?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "हाय जनू. व्हय... येनीवाली. पर तोंड काय डोळ्याम्होरं येईना. लई वंगाळ वाटतंय बगा." त्यानं छातीवर हात ठेवला. "काय भानगड हाय ही?"

"ती तिथेच आहे, मामा. जवळजवळ आलीय. मला फक्त वेळ द्या."

कडुबानं मान हलवली. "बाळंतीण तर हायच ना, भाऊ. ती माझ्या डोळ्याम्होरं हाय."

त्याचं खरं होतं. मी परत धावलो. फाटकाशी माझी स्कूटर उभी होती. तिची बॅटरीही बारा व्होल्टची आणि यूपीएसची बॅटरीही बारा व्होल्टची. डिकीतला पान्हा काढला, बॅटरी सोडवली आणि ती पोटाशी धरून आत आलो. बाई नळापाशी बसल्या होत्या. "स्कूटर का मोडलीस रे?" त्यांनी विचारलं. मी सरळ खोलीत शिरलो.

यूपीएस चालू असताना उघडायचा नसतो. मी उघडला. लाल वायर लालला, काळी काळीला चिमट्यांनी जोडली. ठिणगी उडाली, अंगठा भाजला. तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "पानी आलं!" आणि कूलर, पंखा, फ्रिज, सगळं एकदम गप्प झालं. यूपीएस टुक टुक करू लागला. मशीन चालू होतं.

७

सगळ्यांत जास्त वीज मॉनिटर खातो. म्हणून मी मॉनिटर बंद केला. सीपीयूचा हिरवा दिवा तेवढा राहिला. खिडकी कूलरनं अडवली होती, त्यामुळे खोलीत दिवसाढवळ्या अंधारलं. बाहेर सगळ्या कॉलनीत बादल्या वाजत होत्या. आत तीन ठोके, शांतता, तीन ठोके.

कीबोर्डवर एन्टर दाबला की "पुन्हा प्रयत्न करा" होतं, हे मला माहीत होतं. मी न बघताच दाबत राहिलो. दर वेळी त्या चौकटीबरोबर येणारा "टंग" आवाज स्पीकरमधून यायचा. टंग. टंग. टंग. मागचं कुलूप सैल असेल म्हणून ते चाचपायला मी खुर्चीतून उठलो. उठता उठता सवयीनं एन्टर दाबला.

"टंग" झालं नाही. डिस्क कुरकुरली.

मी परत बसलो. टंग. उठलो, दाबला. डिस्क पुन्हा कुरकुरू लागली.

मी तिच्या खुर्चीवर बसलो होतो.

"अन्यत्र वापरात" होती ती तिची जागा, आणि ती मीच अडवली होती. मी बाजूला सरकून जमिनीवर गुडघे टेकले आणि तिथून हात लांबवून एन्टर दाबला. डिस्क चालत राहिली. आत पुन्हा खलबत्ता वाजला. ठक. ठक. ठक.

ठक.

मग बत्ता ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. माझ्या खांद्याशेजारी खुर्ची करकरली आणि उशीतली हवा सुस्कारा टाकून निघाली. मी मान वळवली नाही. पण समोर बंद मॉनिटरची फुगीर काळी काच होती आणि तिच्यात खोली दिसत होती. दार, कूलर, खाली वाकलेला मी. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. ओढणी होती, वेणी होती, मांडीवर हात होते. चेहरा अजून यायचा होता.

मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात प्रथमच मला काय पुटपुटावं ते सुचेना, म्हणून लहानपणी शाळेत घोकलेले पाढे म्हणू लागलो. एकोणतीसच्या पाढ्याला डिस्क थांबली.

"याह्याभाई, असे खाली काय बसलात? लाइट गेली का?"

मनस्विनी होती. तिचा चेहरा, तिचा आवाज, हाताला आल्याचा वास. मी तिचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखा रडलो. ती बिचारी घाबरून गेली. "अहो, झालं काय? आई! जरा आत ये गं!"

बाई भरलेली कळशी कमरेवर घेऊन दारात आल्या. त्यांनी मनस्विनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याह्या, ही मुलगी कोण रे? तुझ्याबरोबर आलीय का?"

मनस्विनी आधी हसली. "आई, पुरे हं."

"बस बाळ," बाई म्हणाल्या. कुणाही परक्या मुलीला म्हणाव्यात तितक्याच मायेनं. "उन्हातून आली असशील. पाणी देते हं." आणि कळशी घेऊन आत गेल्या.

मनस्विनीचं हसू तसंच राहून गेलं. मी मॉनिटर चालू केला. शंभर टक्के. "स्थापना पूर्ण झाली. बदल लागू होण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे." त्याखाली "आता" आणि "नंतर." यूपीएसचं टुक टुक भराभर होऊ लागलं होतं. स्कूटरची बॅटरीही संपत आली होती.

मी तिला सगळं सांगितलं, चार वाक्यांत. कागद दाखवला. तिला विश्वास ठेवायला वेळ लागायला हवा होता, पण आईचे डोळे तिनं आत्ताच पाहिले होते.

"रीस्टार्ट केलं की आईला मी आठवेन?"

"माहीत नाही. मागच्या वेळी मशीन पुन्हा सुरू होतानाच तू गेलीस. मी कडुबामामांकडे जातो. लाइट आली की मशीन असंच चालू ठेवू, कितीही दिवस. तू निदान राहशील."

"मामा अर्ध्यात लाइन जोडणार नाहीत. आणि जोडूही नयेत." ती पडद्याकडे बघत होती. "बॅटरी आपोआप संपली तर?"

"मग स्थापना अपूर्णच राहील," मी म्हणालो.

"मग विचार कसला करताय?" ती म्हणाली. "आणि राहून काय करू? पाहुणी म्हणून राहू?"

माझा हात माऊसवर होता. तिनं माझं मनगट घट्ट धरून तो बाजूला केला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच एन्टर दाबला. पडदा काळा झाला. मी त्या काचेवरची नजर खाली टेबलावर नेली.

आतल्या खोलीतून पाण्याचा पेला घेऊन बाई आल्या आणि दारात थबकल्या.

"याह्या, एकटाच कुणाशी बोलतोयस रे?"

मनगटावरची पकड तशीच होती. पाची बोटं मला वेगवेगळी जाणवत होती, गरम, आल्यानं ओलसर. मी मान वळवली नाही. हात तसूभरही हलवला नाही.

"थोडं थांबा, बाई," मी म्हणालो. "जुनं मशीन आहे. सुरू व्हायला वेळ लागतो."